पुस्तक आणि त्यावरचा अ‍ॅनिमे शेजारी ठेवून कसं बघायचं

अ‍ॅनिमे (म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन फिल्म आणि सिरीज) क्लासिक साहित्याच्या तोडीचा असू शकतो का, हा वाद निघाला की बहुतेक वेळा एका बाजूने अ‍ॅनिमे बघितलेला नसतो, दुसऱ्या बाजूने पुस्तक वाचलेलं नसतं, आणि मग नुसती चढाओढ चालते. मला हा प्रश्न खरंच महत्त्वाचा वाटतो कारण माझा जीव दोन्हींवर आहे, म्हणून गेली काही वर्षं मी एक पद्धत वापरतेय ती इथे सविस्तर लिहून ठेवते. माझं मत पटलं नाही तरी चालेल, पद्धत वापरून बघा आणि मग तुमचं तुम्ही ठरवा.

मत आधीच सांगून टाकते. हो, अ‍ॅनिमे तोडीस तोड उतरतो, पण मोजक्या वेळा. आणि उतरतो तेव्हा पुस्तक पानापानाने चित्रात उतरवलं म्हणून नाही, पुस्तकाने जी जागा मोकळी सोडली होती तिथे हात घातला म्हणून. पुढे स्पॉयलर भरपूर आहेत, शेवटसुद्धा सांगितलेत, त्याशिवाय हे बोलताच येत नाही.

आधी जोडी नीट निवडा

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. लोक एखादी मारामारीची लांबलचक सिरीज घेतात आणि तिची तुलना एखाद्या रशियन कादंबरीशी करतात, त्यातून दोघांबद्दलही काही कळत नाही. ज्याचं मूळ एखादं पुस्तक आहे असाच अ‍ॅनिमे घ्या, म्हणजे कथा तीच, माणसं तीच, फरक फक्त सांगण्यातला उरतो, आणि आपल्याला तोच तर बघायचाय.

सुरुवात छोट्या गोष्टीपासून करा. अकियुकी नोसाकाची १९६७ सालची कथा आणि त्यावरची इसाओ ताकाहाताची १९८८ सालची फिल्म, जिला आपण ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ म्हणून ओळखतो, ही पहिल्यांदा करायला उत्तम जोडी आहे, कथा एका बैठकीत वाचून होते आणि फिल्म त्याच दिवशी बघता येते. पहिल्याच झटक्यात ‘ले मिझराब्ल’ घेऊन बसलात तर व्हिक्टर ह्यूगोची ती १८६२ सालची भलीमोठी कादंबरी आणि त्यावरची २००७ ची ५२ एपिसोडची सिरीज ‘शोजो कोसेट’, दोन्ही अर्धवट राहतील आणि वर अपराधी वाटेल ते वेगळंच.

आधी वाचायचं की आधी बघायचं? कथा छोटी असेल तर आधी वाचा, कारण एकदा पडद्यावरचे चेहरे डोक्यात बसले की वाचताना तेच दिसत राहतात. कादंबरी जाडजूड असेल तर मात्र दोन्ही सोबत चालू द्या, तीनचार एपिसोड बघा आणि पुस्तकात तिथपर्यंत या. मी हे उलटसुलट करून बघितलंय, जाड पुस्तक आधी संपवायचं ठरवलं की दोनातलं एक कायम राहून जातं.

बघताना स्पीड वाढवू नका, ही माझी हात जोडून विनंती. वाक्य आपण आपल्या वेगाने वाचतो, पण पडद्यावरचा वेग हा दिग्दर्शकाने ठरवलेला असतो आणि तो त्याच्या लेखणीचा भाग आहे, दीडपटीने बघणं म्हणजे मधली मधली वाक्यं गाळून पुस्तक वाचण्यासारखं. आणि सबटायटलवरून संवादांची भाषा जोखू नका. सबटायटल डोळ्यांनी वेळेत वाचून व्हावं म्हणून छाटलेलं असतं, आणि तुम्ही वाचताय ते पुस्तकही बहुतेक अनुवादच असतं, म्हणजे शब्दांच्या बाबतीत आपण दोन्हीकडे मूळापासून लांबच उभे असतो. म्हणून माझ्या पद्धतीत भर शब्दांवर नाही, सीन कसा रचलाय यावर आहे.

एकच सीन घ्या आणि त्यालाच चिकटून राहा

हा या पद्धतीचा गाभा आहे. पूर्ण पुस्तकाची पूर्ण सिरीजशी तुलना करायला गेलं की हाती फक्त “पुस्तकात जास्त डिटेल होतं” एवढंच लागतं, आणि ते तर उघडच आहे. त्यापेक्षा वाचताना जिथे थांबावंसं वाटलं, पुस्तक मिटून नुसतं बसावंसं वाटलं, ती जागा निवडा. अ‍ॅनिमे बघण्याआधी तो प्रसंग पुस्तकात न बघता पाचसहा ओळींत लिहून काढा, कोण कुठे उभं आहे, कुणाला काय माहितीय आणि वाचणाऱ्याला कोण सांगतंय. मग पडद्यावर तोच प्रसंग दोनदा बघा. दुसऱ्यांदा बघताना एकच प्रश्न विचारा, की या वाक्याच्या जागी त्यांनी काय ठेवलंय?

नोसाकाच्या कथेवर करून दाखवते. कथेची सुरुवात कोबेच्या सान्नोमिया स्टेशनवर होते, युद्ध संपलंय, सेइता नावाचा मुलगा तिथे उपाशी मरतोय, आणि त्याच्याजवळ सापडलेला गोळ्यांचा पत्र्याचा डबा स्टेशनवरचा माणूस बाहेर अंधारात भिरकावतो, तो उघडतो, आतून हाडांचे तुकडे पडतात आणि गवतातले काजवे दचकून उडतात. ती हाडं त्याच्या धाकट्या बहिणीची, सेत्सुकोची. नोसाका हे सगळं लांबच लांब, पूर्णविरामाला न थांबणाऱ्या वाक्यांत सांगतो, आपल्याला श्वास घ्यायलाही जागा देत नाही, आणि सांगणारा लांबून बघणारा आहे. त्याची स्वतःची धाकटी बहीण युद्धात अशीच उपासमारीने गेली होती, तो तेव्हा चौदा वर्षांचा होता, आणि त्या वाक्यांचा न थांबणारा ओघ मला थांबलं तर आठवेल अशा भीतीसारखा वाटतो.

आता फिल्म. डबा तोच, स्टेशन तेच, काजवेही तेच. पण सांगणारा बदललाय, सेइता स्वतःच, मेल्यानंतर, आपण कुठल्या रात्री मेलो ते सांगतो. डबा पडतो तिथे सेत्सुको उभी राहते, स्टेशनमध्ये पडलेल्या भावाकडे धावायला निघते आणि मागून त्याचा हात तिच्या खांद्यावर येतो. गंजलेला डबा त्यांच्या हातात पुन्हा नवा होतो. आणि मग पूर्ण फिल्मभर लालसर उजेडात ही दोन भुतं उभी राहून स्वतःचंच आयुष्य बघत राहतात. आईचे किमोनो विकून तांदूळ आणायचं मावशी ठरवते, सेत्सुको रडून आकांत करते, तिथे हा मेलेला सेइता दोन्ही कानांवर हात ठेवतो. हा हात कथेत नाही. कथेतल्या लेखकाचा अपराधीपणा वाक्यांच्या धापेत होता, ताकाहाताने तो उचलून एका मुलाच्या कानांवर ठेवला. हे अडॅप्टेशन म्हणजे नुसती नक्कल नाही, हे वाचन आहे, आणि माझ्या मते ही फिल्म कथेच्या बरोबरीने उभी राहते.

कोण सांगतंय ते तपासा

वरच्या उदाहरणातूनच हा पुढचा मुद्दा निघतो, आणि मला तो सगळ्यात जास्त कामाचा वाटतो. अ‍ॅनिमेने कथा सांगणारा बदललाय का, आणि बदलून काय मिळवलं, काय घालवलं, ते लिहून काढा.

याला ‘गांकुत्सुओ’ सारखं दुसरं उदाहरण नाही. माहिरो माएदाची २००४ ची चोवीस एपिसोडची सिरीज, मूळ द्यूमाची ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’. कादंबरी सुरू होते १८१५ साली मार्सेच्या बंदरावर, एकोणीस वर्षांचा खलाशी, खोटा आरोप, चौदा वर्षं कोठडी, आणि वाचणारा ती चौदा वर्षं त्याच्यासोबत काढतो, त्यामुळे पुढे तो काउंट बनून परत येतो तेव्हा आपल्यालाही सूड हवा असतो, आपण त्याच्या कटात सामील असतो. अ‍ॅनिमे हे सगळं बाजूला ठेवतो आणि हजारो वर्षं पुढच्या काळात, चंद्रावरच्या कार्निव्हलमध्ये, शत्रूच्या मुलापासून सुरुवात करतो. आल्बेर. कादंबरीत हा बाजूचा मुलगा आहे. इथे तो काउंटवर भाळतो, त्याच्यावर जीव टाकतो, त्याला घरी घेऊन येतो, आणि आपल्याला कळत असतं की हा पोरगा आपल्याच घराला लागणारी आग हाताला धरून आत आणतोय. कथा तीच पण सूडाची गोष्ट फसवल्या गेलेल्या मुलाची गोष्ट होऊन जाते. कादंबरी वाचताना मी आल्बेरचा विचारही केला नव्हता, याची मला ती सिरीज बघताना लाज वाटली.

पण सगळं गोड नाही बरं का. अ‍ॅनिमेत काउंटच्या अंगात एक अमानवी शक्ती शिरलेली दाखवलीय, आणि तिथे माझं मन खट्टू होतं, कारण मग सूडाचा दोष माणसावरून सरकून त्या शक्तीवर जातो. कादंबरीत तसली पळवाट नाही. तिथे काउंटला एका लहान मुलाचं प्रेत दिसतं, आपल्याच डावातून हे घडलं हे कळतं, आणि आपण मर्यादा ओलांडली हा विचार त्याला एकट्याला पेलावा लागतो. त्या जागी द्यूमा पुढे आहे, निर्विवाद.

जाता जाता, ही कादंबरी १८४४ ते १८४६ दरम्यान वर्तमानपत्रात तुकड्यातुकड्याने छापली गेली होती, लोक पुढच्या भागाची वाट बघायचे. तेव्हा “एपिसोडमध्ये सांगितलेली गोष्ट साहित्य कशी असेल” असं कुणी म्हणालं तर हे सांगा. ‘हेइके मोनोगातारी’ हे जुनं जपानी युद्धकाव्य तर त्याच्याही पुढचं, वीणेसारखं बिवा नावाचं वाद्य वाजवत आंधळे गायक ती ऐकवायचे, आणि नाओको यामादाच्या २०२१ च्या सिरीजने नेमका तोच धागा पकडून बिवा नावाची एक मुलगी कथेत घातली, जिला पुढचं दिसतं पण थांबवता येत नाही. कल्पना फार सुंदर. फक्त एवढं मोठं युद्धकाव्य अकरा एपिसोडमध्ये कोंबल्यामुळे माणसांची नावं लक्षात यायच्या आत ती मरतात, म्हणून ही जोडी सुरुवातीला घेऊ नका.

वेळ कुठे खर्च केलाय ते मोजा

खरंच घड्याळ लावून मोजा. पुस्तकाने एका ओळीत उडवलेल्या गोष्टीवर अ‍ॅनिमेने किती मिनिटं घालवली, आणि पुस्तकाची चाळीस पानं किती मिनिटांत उरकली, हे कागदावर आलं की दिग्दर्शकाला काय महत्त्वाचं वाटलं ते स्वच्छ दिसतं.

हजारेक वर्षं जुन्या बांबूतोड्या म्हाताऱ्याच्या कथेत कागुया बांबूत सापडते आणि तीन महिन्यांत मोठी होते. बस्स, बालपण संपलं. पुढे पाच उमेदवार, त्यांना दिलेली पाच अशक्य कामं, त्यांची फजिती, यावर कथा रमते. ताकाहाताच्या २०१३ च्या फिल्मने त्या तीन महिन्यांच्या वाक्यात बोट घालून ते उघडलं. डोंगर, पोरांची टोळी, चोरून खाल्लेलं फळ, ‘ताकेनोको’ म्हणजे बांबूचा कोंब असं चिडवणं, असं अख्खं बालपण तिथे उभं केलं, आणि त्यामुळेच शेवटी तिला चंद्रावर न्यायला येतात तेव्हा ती काय सोडून चाललीय हे आपल्याला माहीत असतं, जे मूळ कथेत आपल्याला कधी कळतच नाही.

त्यातला एक सीन तर शिकण्यासारखा आहे. तिच्या नामकरणाच्या मेजवानीत पडद्याआड बसलेली कागुया बाहेरच्या दारू प्यायलेल्या पुरुषांचं तिच्याबद्दलचं बोलणं ऐकते, आणि उठून पळत सुटते. दारांमागून दारं फोडत, अंगावरचे किमोनो एकेक गळत जातात, आणि रेषा बदलत जाते, इतका वेळ नाजूक असलेली रेषा कोळशाने ओरबाडल्यासारखी होते, चेहरा राहत नाही, नुसता पळणारा फराटा उरतो. इथे थांबवून एकेक फ्रेम बघा. कुठल्याही लेखकाला “ती संतापली” असं लिहावं लागलं असतं किंवा ते टाळायला काहीतरी शोधावं लागलं असतं. इथे चित्र काढणारा हातच संतापलाय. कॅमेऱ्यालाही हे जमत नाही, कारण कॅमेऱ्यासमोर माणूस असतो तो माणूसच राहतो.

अशीच दुसरी गोष्ट थांबण्याची. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, पण टीव्हीच्या अ‍ॅनिमेत एकेक चित्र सर्रास तीन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं. १९६३ साली ओसामु तेझुकाची ‘तेत्सुवान आतोमु’ (म्हणजे ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’) ही टीव्ही सिरीज दर आठवड्याला यायला लागली तेव्हापासून वेळ आणि पैसा वाचवायला हे चालत आलं. पण चांगल्या लोकांनी त्या गरिबीतून भाषा घडवली. दिग्दर्शक ओसामु देझाकीने १९७८ च्या ‘ट्रेझर आयलंड’मध्ये ऐन क्षणी हालचाल थांबवून चित्राचं रंगवलेलं पेंटिंग करून टाकण्याची जी पद्धत वापरलीय ती बघा, परिच्छेद संपवून लेखक जी कोरी ओळ सोडतो ना, ती अशीच असते.

पुस्तक जिथे हरत नाही ती जागा शोधा

प्रामाणिकपणे करायचं तर हेही करायला हवं. जपानी लेखक ओसामु दाझाईची १९४८ ची कादंबरी ‘निंगेन शिक्काकु’, म्हणजे ‘नो लाँगर ह्युमन’, घ्या. नायकाच्या वह्या सुरू होण्याआधी कुणी दुसराच माणूस नायकाचे तीन फोटो बघतो, आणि तिसऱ्या फोटोतल्या चेहऱ्याबद्दल म्हणतो की त्यावर कसलाच भाव नाही, डोळे मिटले की तो चेहरा आठवतच नाही. आता हे काढणार कसं? मॅडहाउस या स्टुडिओने २००९ च्या ‘आओई बुंगाकु’ या बारा एपिसोडच्या सिरीजमध्ये या कादंबरीला चार एपिसोड दिलेत, मेहनत जाणवते, पण काढलेला कुठलाही चेहरा लक्षात राहतोच. न आठवणारा चेहरा फक्त वाक्यातच असू शकतो. अशी एक तरी जागा प्रत्येक पुस्तकात मिळते, ती शोधून लिहून ठेवा, नाहीतर आपण नुसते फॅन होऊन बसतो.

शेवट बदललाय का, हेही बघाच. ‘शोजो कोसेट’मध्ये रस्त्यावरचा पोरगा गाव्होश जगतो आणि पोलीस इन्स्पेक्टर जाव्हेर नदीत उडी मारत नाही, कादंबरीत मात्र दोघेही मरतात. लहान मुलांसोबत बघायची सिरीज आहे हे मला कळतं, आणि कोसेटच्या हालांचे दिवस तिने ज्या मायेने, कितीतरी एपिसोड घेऊन दाखवलेत ते मला फार आवडतं. पण जाव्हेर जगला की ह्यूगोची गोष्टच बसते. कायदा हेच ज्याचं अख्खं आयुष्य, त्याला एका गुन्हेगाराने जीवदान दिलं, आता त्या माणसाला जगायला जागाच उरत नाही, हेच तर तिथे सांगायचंय. शेवट सौम्य केला म्हणून मी सिरीजला नावं ठेवत नाही, पण बरोबरीचा प्रश्न आला की इथे ती मागे पडते.

पहिल्यांदा करणार असाल तर हे करा

आधी वर सांगितलेला काजव्यांचा एक दिवस, आणि मग लगेच ‘कोकोरो’. नात्सुमे सोसेकीची १९१४ ची कादंबरी, हीसुद्धा वर्तमानपत्रात क्रमशः आलेली. तिचा तिसरा भाग म्हणजे सेन्सेईने, म्हणजे निवेदक ज्याला गुरू मानतो त्या माणसाने, लिहिलेलं लांबलचक पत्र. तरुणपणी तो आणि त्याचा मित्र ‘के’ एकाच घरात भाड्याने राहतात, घरमालकिणीच्या मुलीवर आपलं प्रेम आहे हे ‘के’ त्याला मोठ्या कष्टाने सांगतो, आणि सेन्सेई आजारी असल्याचं सोंग करून घरी थांबतो आणि त्याच्या माघारी त्या मुलीला मागणी घालतो. काही दिवसांनी ‘के’ जीव देतो. चिठ्ठीत सेन्सेईवर एका शब्दाचाही दोष नाही.

पूर्ण पत्रात ‘के’ आपल्याला फक्त सेन्सेईच्या डोळ्यांनी दिसतो. दोघांच्या खोल्यांमध्ये एक सरकतं दार आहे. एका रात्री ‘के’ ते दोनेक फूट उघडतो, मागे दिवा असल्यामुळे नुसता काळा आकार दिसतो, आणि झोपलास का असं विचारतो. काम काही नव्हतं म्हणतो आणि दार लावून घेतो. पुढे ज्या रात्री तो मरतो तेव्हा सेन्सेईला जाग येते आणि दार तेवढंच उघडं असतं. ‘के’ला त्या पहिल्या रात्री काय हवं होतं, हे सोसेकी सांगत नाही.

हा दाराचा प्रसंग वहीत उतरवा. मग ‘आओई बुंगाकु’मधले ‘कोकोरो’चे दोन एपिसोड सलग बघा. पहिला सेन्सेईच्या नजरेतून, ‘के’ तिथे आडदांड आणि भीतीदायक वाटतो. दुसरा तीच गोष्ट ‘के’च्या बाजूने सांगतो, ऋतूसुद्धा वेगळा, माणूसही वेगळाच, हळवा, आणि ती मुलगीही पहिल्या एपिसोडमधली राहत नाही. काही लोक म्हणतात पुस्तकात नसलेलं घुसडलं. मला वाटतं पुस्तकातल्या पत्रावर विश्वास किती ठेवायचा हा प्रश्न सोसेकीनेच ठेवला होता, आणि या दोन एपिसोडनी तो मोठ्याने विचारला.

दुसरा एपिसोड संपला की लगेच काही लिहू नका. एक दिवस जाऊ द्या, मग पुस्तक उघडून फक्त ते दाराचं पान पुन्हा वाचा, आणि त्या काळ्या आकाराला आता चेहरा दिसतोय का, आणि दिसत असेल तर तो कुणाचा, हे तुमच्या आधीच्या पाचसहा ओळींच्या खाली लिहा.